कोलंबीचं पाणी

ऐरोली, बुधवार संध्याकाळ

शी! साबण लावून लावून हात सोलले, तरी वास जात नाही. बाल्कनीतल्या बेगोनियाला किती जपत होते मी! कडक ऊन नको, वारा नको, पाणीसुद्धा बेतानं. आणि सासूबाई माझ्या नकळत त्यात कोलंबी धुतलेलं पाणी ओतत होत्या. आज कुंडी उपसली, तर मुळांचा नुसता चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

"जोर येल म्हनून घातला गो," त्या म्हणाल्या. "मोगऱ्याला पन तोच पानी हाय."

वर त्याच मोगऱ्याची दोन फुलं खुडून माझ्या केसांत खोवली! किळस आली. काढून फेकणार होते, पण आधी हुंगली.

मेल्यांना वास मात्र निव्वळ मोगऱ्याचा.