मोहरीचे सगेसोयरे

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (ज्याला तुझ्या मते अजून अक्कलदाढ आलेली नाही) साष्टांग नमस्कार. सुरुवातीला इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. पुढचं वाचून तुझं तू ठरव. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस, आणि चढलीसच तर हे पत्र वाचत चढू नकोस. माझी तब्येत उत्तम. पाठ जरा अवघडते, पण माझ्या गादीखाली अठरा वनस्पती झोपतात, त्यामुळे तेवढं चालायचंच. तुझ्या भावजयीचीही तब्येत चांगली आहे. ती सध्या फारसं बोलत नाही, एवढंच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण घराला दोन खोल्या आहेत आणि दोन्हींत भाऊजी आहेत.

हो, तुझे यजमान खुशाल आहेत. 'चार दिवस राहतो' म्हणून आले, त्याला परवा सहा आठवडे पूर्ण झाले. बॅगेत दोन शर्ट, एक भिंग आणि फुलं दाबून वाळवायच्या दोन फळ्या, पट्ट्यांनी आवळलेल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, इथे व्याह्याच्या जागी बहीण आहे एवढाच फरक. तुमचं काय झालं ते मला दोन्हीकडून ऐकायला मिळालंय. भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या गॅलरीतल्या कुंडीत मोहरीच्या कुळातलं, या भागात आजवर कुणी न पाहिलेलं एक रोप होतं. ते त्यांनी कुठूनसं मिळालेलं बी तीन वर्षं जपून यंदा प्रथमच रुजवलं, आणि ते वाचनालयात गेले असताना तू ते मुळासकट उपटून कचऱ्यात टाकलंस. तुझ्या म्हणण्याप्रमाणे ते तण होतं. एवढ्यावर मिटायला हरकत नव्हती. पण भाऊजी म्हणाले की तुला आयुष्यात कधी कशाचं मोल कळलं नाही, आणि तू म्हणालीस की मग ज्याला कळतं त्याच्याकडे जा. (ज्याला कळतं त्याच्याकडे जायचं सोडून ते माझ्याकडे का आले, हा प्रश्न मी सहा आठवडे स्वतःला विचारतोय.)

आता मला या विषयाची पुष्कळ माहिती झाली आहे, न मागता. मोहरीच्या कुळाची खूण म्हणजे चार पाकळ्या, फुलीसारख्या मांडलेल्या, आणि आत सहा केसर, त्यांतले चार आखूड नि दोन लांब. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, सलगम, अहाळीव ही सगळी एकमेकांची भावंडं. तुझ्या भावजयीने मध्यंतरी कोबीचा गड्डा आणला, तर भाऊजींनी तो हातात घेऊन त्याची चार पिढ्यांची वंशावळ सांगितली. तेव्हापासून आमच्याकडे कोबी चिरताना आपण कुणाचा तरी चुलतभाऊ कापतोय असं वाटतं. हे झाले घराण्यातले सुखवस्तू. बाकीचे गरीब नातेवाईक रस्त्याकडेला, भिंतींच्या फटींत, पडीक जागेत राहतात आणि त्यांना कुणी बोलावत नाही. गंमत अशी की फुलांवरून यांतला कोण कोणता ते भल्याभल्यांना सांगता येत नाही, सगळ्यांची तोंडं सारखी (आपल्या आत्याकडे आहे तसंच). ओळख पटते ती शेंगेवरून, तीही पिकल्यावर. कुणाची शेंग सुईसारखी लांब, कुणाची नाण्यासारखी चपटी, कुणाची इवल्याशा पिशवीसारखी. म्हणजे एवढ्या शिकलेल्या माणसाने फूल दिसल्यावर करायचं काय, तर शेंग पिकेपर्यंत तिथे उभं राहायचं.

घरातली परिस्थिती थोडक्यात सांगतो, म्हणजे परवापरवापर्यंतची. वर्तमानपत्र मला दुसऱ्या दिवशी मिळतं, तेही दमट, आणि मधल्या पानात कुणीतरी वाळत पडलेलं असतं. इस्त्रीवर भाऊजींचा पहिला हक्क आहे, कारण टिपकागद कोरडे करायचे असतात. माझे शर्ट जसे असतील तसे. पाहुणे यायचे बंद झाले, हा फायदा मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

आता माझं दुर्दैव बघ. मी नोकरी करतो ती नगरपालिकेच्या स्वच्छता खात्यात, आणि माझं काम म्हणजे रस्त्याकडेचं तण काढून घेणं. भाऊजी सकाळी ज्यांना भिंगातून बघून यायचे त्यांनाच दुपारी माझी माणसं खुरप्याने काढायची. संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचो. एके दिवशी भाऊजी धापा टाकत माझ्या ऑफिसात आले (तिसरा मजला, लिफ्ट बंद) आणि म्हणाले की पंपघराच्या भिंतीलगत तेच रोप आहे, अगदी कुंडीतल्यासारखं, फिकट पिवळी फुलं, पाकळ्यांवर जांभळ्या शिरा. शेंगा नुकत्या धरताहेत. तीन आठवडे त्याला कुणी हात लावता कामा नये. मी त्याच क्षणी टेबलावरचा कागद पालथा घातला. पंपघराची भिंत दुसऱ्या दिवशी साफ करायचा तो आदेश होता, खाली माझीच सही.

इकडे आड तिकडे विहीर. मोठ्या साहेबांना फुलाचं सांगावं तर ते मला रजेवर पाठवतील, न सांगावं तर भाऊजी जन्मभर माझ्याकडे राहतील. शेवटी मी खात्यातल्या चौदा वर्षांच्या अनुभवाचा उपयोग केला. गोदामातून चार लोखंडी अडथळे आणले, रोपाभोवती उभे केले, दोरी बांधली आणि 'काम चालू आहे' अशी पाटी लावली. कारण ताई, जिथे ही पाटी असते तिथे कुणी काम करत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकोणीस दिवस त्या रोपाला वाऱ्याशिवाय कुणी हात लावला नाही. भाऊजी रोज सकाळ-संध्याकाळ दोरीच्या आत उकिडवे बसत आणि शेंगा मोजत. लोक त्यांना साहेब समजून नमस्कार करू लागले. इतके दिवस काही न करता बसलेला माणूस, दुसरं काय समजणार?

घात केला समोरच्या शिंप्याने. त्याने तक्रार केली की एकोणीस दिवस काम चालू आहे आणि ते हलत नाही. पंपघर म्हणून तक्रार पाणीपुरवठ्याकडे गेली. त्यांच्या दफ्तरात असलं काही काम नव्हतंच, तेव्हा ते आपल्याच हातून राहिलं असणार अशी त्यांची खात्री झाली. ज्या खात्याकडे मी घरच्या नळासाठी सात महिने खेटे घालतोय, त्याची चार माणसं कुदळी घेऊन त्याच दिवशी हजर झाली. दोन तासांत पुरुषभर खड्डा खणला, त्यात काही सापडलं नाही, म्हणून तो बुजवायच्या आधीच 'काम पूर्ण' म्हणून सही करून गेली. मला अर्थातच मेमो मिळाला की विनाआदेश पाटी का लावली. मी लेखी उत्तर दिलं की गवताच्या वाढीचं निरीक्षण चालू होतं. ते खरं असल्यामुळे कुणालाच पटलं नाही.

भाऊजी खड्ड्याच्या काठावर उभे होते. ओरडले नाहीत, जन्मभर शाळेत मास्तरकी केलेली असून. मी मातीच्या ढिगात हात घातले (ऑफिसच्या पँटमध्ये, गुडघ्यांवर, शिंप्याच्या देखत) आणि मोडलेली एक फांदी काढली. तिला एकच शेंग उरली होती, पिकलेली. मणी ओवल्यासारखी, दोन दाण्यांच्या मधे आवळलेली. भाऊजींनी ती भिंगाखाली धरून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "रानमुळा आहे. कुठेही उगवतो." आणि भिंग खिशात घालून माझ्यापुढे चालायला लागले.

याला दोन आठवडे झाले. त्यानंतर त्यांनी घरात एक पानसुद्धा आणलेलं नाही. वर्तमानपत्र मला सकाळी कोरडं मिळतं, इस्त्री मोकळी असते, आणि खरं सांगू का, मला ते बघवत नाही. ते दिवसभर खिडकीशी बसतात. फोन वाजला की मान वर करतात, आणि माझ्या ऑफिसचा निघाला की खाली घालतात. काल तुझी भावजय स्वतःहून गटाराकडेची दोन फुलं तोडून घेऊन आली आणि हे कोण म्हणून विचारलं. छान आहेत म्हणाले, नुसतं छान. तेव्हा ती आत येऊन रडली. मला वाटतं यावरून तुला सगळं समजेल.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्यांना तेल. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. पंपघराचं रोप आणि कुंडीतलं रोप एकच, असं भाऊजीच म्हणाले होते. म्हणजे तू उपटलंस तेही रानमुळाच. म्हणजे तू बरोबर होतीस. पंचाईत तिथेच आहे. तू चुकली असतीस तर त्यांनी तुला केव्हाच माफ केलं असतं आणि घरी आले असते. आता कोणत्या तोंडाने येणार? तेव्हा ताई, माझ्यासाठी एवढं कर, तुझं चुकलं असं त्यांना चार ओळींचं पत्र लिही. राईचा पर्वत तुम्ही दोघांनी मिळून केलाय, पण उतरायला त्यांचे पाय तुझ्या गुडघ्यांहून वाईट आहेत. तुझं चुकलेलं नाही हे मला ठाऊक आहे, आणि मी ते कुणाला सांगणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र वाचून फाडून टाक. भाऊजी संध्याकाळी पोस्टाच्या बाजूला फिरायला जातात म्हणून त्यांच्याकडेच टाकायला देतोय. दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतले ते नाहीत.

वरील पत्र माझ्याकडे देण्यात आले. पाकीट चिकटवायचे राहिले होते, म्हणून शुद्धलेखन तपासावे या हेतूने उघडले. शुद्धलेखन बरे आहे. दोन चुका आहेत. केसर चार लांब आणि दोन आखूड असतात, याने उलटे लिहिले आहे. दुसरी चूक अशी की रानमुळा मला पंपघरापाशी कळला असे तो समजतो. तसे नाही. तू उपटलेले रोप कचऱ्याच्या बादलीत उलटे पडले होते. खालच्या पानाआड त्याला एक शेंग पिकली होती, ती मी त्याच दिवशी पाहिली. तुला मोल कळत नाही हे मी शेंग पाहिल्यानंतर बोललो. पंपघरापाशी तरी दुसरे काही निघाले असते तर ते घेऊन आलो असतो. तू माफीचे पत्र लिहू नकोस. शनिवारी दुपारच्या गाडीने रिकाम्या हाताने येत आहे. दार उघड.