गप्पीची पिल्लं

दि. ३ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. आता सांत्वनाचं एक अक्षर लिहिणार नाही, ऐकून ऐकून तुझे कान किटले असतील. वेगळंच विचारते. आमच्या ध्यानाने घरात माशांची टाकी आणली म्हणे! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे काय सुचलं? लहानपणी माझ्या या भावाने हट्टाखेरीज काही पाळलं नव्हतं.

दवाखान्यातून येऊन तुला दोन महिने होत आले. जेवतेस का, कामावर कधी जाणार, असं त्याला विचारलं की अळीमिळी गुपचिळी. इथे हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते, पण चित्त तुमच्यापाशी असतं. बाळाचं लिहवत नसेल तर नको लिहूस, माशांचं लिही. पण लिही, आणि या म्हातारीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी अक्का


दि. ११ मार्च

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

माशांचं लिही म्हणालात, तेच लिहिते. हे दुकानात गेले आणि आपल्या पद्धतीने विचारलं, की कमीत कमी बिघाड होणारे मासे कोणते. दुकानदाराने गप्पी आणि मोली दिले. काटक असतात, एका टाकीत गुण्यागोविंदाने राहतात आणि अंडी न घालता महिन्या-महिन्याला जिवंत पिल्लंच देतात. यांना वाटलं, घर भरेल, माझं मन रमेल. तुमच्या भावाच्या मनात वाईट नव्हतं हो, पण माझ्या घरात आणायला यांना दुसरे मासे मिळाले नाहीत?

गप्पीच्या मादीच्या पोटावर, शेपटीच्या बाजूला काळा डाग असतो. दिवस भरत येतात तसा तो मोठा होतो. मी रोज तो डाग बघत बसायची. मागच्या आठवड्यात एके सकाळी ती व्याली. पापणीच्या केसाएवढी पिल्लं, पण बाहेर पडताच पोहायला लागली. आणि ती वळली आणि एकेक गिळायला लागली. मी बाहीसकट हात पाण्यात घातला. जमली तेवढी चहाच्या गाळणीने उचलली आणि टाकीत लटकवायची जाळीची पेटी असते, तिच्यात ठेवली. हे म्हणाले, असंच असतं, तिला ओळख पटत नाही.

मला तरी कुठे पटली असती? ती मेलेलीच जन्मली तेव्हा मी गुंगीत होते. माझी मुलगी मी पाहिलीच नाही. यांनी पाहिली. सगळं उरकून आले ते तोंड शिवून बसलेत. नाक कुणासारखं होतं, जावळ होतं का, एवढं विचारलं की पाना-पक्कड घेऊन फिल्टर खोलायला बसतात. माझं दुसरं काही मागणं नाही हो. तुमचा लोभ आहे म्हणून एवढं तरी लिहवलं.

तुमची चिमणी


दि. २ मे

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं परवाचं पत्र पोचलं. तीन बाळंतपणं काढलीस की गं त्या बायांची! पण टाकीत मुंगी शिरायला जागा नाही, पाणी गढूळ झालंय, मोठे मासे वर येऊन धापा टाकतात, आणि तू एक पिल्लू हलवू देत नाहीस. हे काही बरं नाही. जास्तीची पिल्लं दुकानदार परत घेतात म्हणे. कुणाच्या तरी घरी सुखाने वाढतील. मी ध्यानालाही तसं कळवलं आहे. रागावलीस तरी चालेल, परकी मात्र समजू नकोस.

तुझी अक्का


दि. १४ मे

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

करायला गेले काय अन् वरती झाले पाय. मी आंघोळीला गेले तेवढ्यात हे सगळी पिल्लं पिशवीत भरून दुकानात देऊन आले. मी ओल्या केसांनी धावले. दुकानदार खोटं बोलला नाही. एवढ्या बारीक पिल्लांना गिऱ्हाईक नसतं, म्हणाला, ती मोठ्या माशांना खायला टाकतात. एका टाकीकडे बोट दाखवलं. तिच्यात दोन थोराड मासे स्वस्थ उभे होते. माझं एकही पिल्लू नव्हतं.

घरी येऊन यांना विचारलं, तुमच्यादेखत टाकली का? म्हणाले, ठाऊक नाही, पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि मागे न बघता निघालो, मला असलं बघवत नाही. अक्का, दवाखान्यातही यांनी असंच केलं असेल का? मला सांगायचे नाहीत, तुमच्याशी खोटं बोलणार नाहीत. विचारा आणि खरं असेल ते कळवा. माझी दया येऊन काही गोड लिहाल, तर तो लोभ मला नको.

तुमची चिमणी


दि. २३ मे

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पिल्लांचं पाप माझ्या माथी.

त्याच्या कामाच्या जागी फोन केला. बाळाचं सरळ विचारलं. मग म्हणाला, अक्का, मी नाही बघितलं. नर्सने फडकं बाजूला करू का विचारलं, तर हा भिंतीकडे तोंड करून नको म्हणाला. तुला सांगायला त्याच्याजवळ काही नाही, म्हणून बोलत नाही. तेव्हा मी इथून निघून तुमच्याकडे गाडीतून उतरले, तोवर सगळं उरकलं होतं. तिचं तोंड आपल्यापैकी कुणीच पाहिलं नाही गं, चिमणे.

त्याला हवं ते बोल, मी मध्ये पडणार नाही. घर सोडावंसं वाटलं तर आधी माझ्याकडे ये. पुढे सुचत नाही.

तुझी अक्का


दि. ३० मे

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं, आणि यांच्याशी बोलणं टाकलं. माझी मुलगी कशी होती हे सांगणारं माणूस उभ्या जगात नाही. मग आता काय मागायचं आणि कुणाकडे?

काल संध्याकाळी गप्पी पुन्हा व्याली. मी उठले नाही. गाळणी जागची हलवली नाही. स्टूल ओढून टाकीपुढे हेच बसले. गप्पी पिल्लं गिळत होती आणि हे बघत होते, शेवटचं संपेपर्यंत. मान वळवली नाही. मग हे रडले. बाप्या माणसाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर म्हणाले, तोंड नाही बघितलं, पण दवाखान्यातून गाडीपर्यंत तिला मीच उचलून नेलं होतं. उठून स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा घेतला, डोळे मिटून हातांवर तोलला, थोडी साखर काढली, पुन्हा तोलला, चिमूटभर परत घातली. मग तो माझ्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला आणि म्हणाले, एवढी.

लोभ असू द्या.

तुमची चिमणी