दोनशे सहा नंबरचा नळ

४ फेब्रु., मंगळ.
नळजोडण्यांचा तक्ता तालुक्याहून परत आला. अनुक्रमांक सलग नाहीत म्हणे. आदर्श गावाच्या स्पर्धेची समिती तोंडावर, त्यामुळे ग्रामसेवक भाऊसाहेब घायकुतीला आलेले. ग्रामपंचायतीची कॉम्प्युटरवाली मी, म्हणून खुर्ची ओढून माझ्या मानेवर श्वास सोडत बसले. शेजारच्या रकान्यात सूत्र टाकलं: खालच्या नंबरातून वरचा वजा. एक आला तर ठीक, जास्त आला की लाल. तीन ठिकाणी लाल झालं. ३८, ९१, २०६ गायब. भाऊसाहेब असे बघत होते की मी त्यांची पत्रिकाच मांडली. यांना माझ्या तिप्पट पगार.

५ फेब्रु., बुध.
३८ आणि ९१ ही घरं रस्त्यात गेली होती. तिथे दोन नवी घरं बसवली, लाल गेलं. राहिला २०६.
२०६ म्हणजे आमच्या शेजारची शकूमावशी. आम्ही २०७. मधे कमरेएवढी भिंत. गावात बोअरबंदी असताना तिच्या पोराने बोअर घेतला आणि बोंबाबोंब झाल्यावर चाकणला पळाला. मग ग्रामसभेने म्हातारीचा नळ बंद केला, सगळ्यांचे हात वर, माझाही. ठराव मीच टाईप केला: 'जोडणी क्र. २०६ बंद. भर सभेत माफी मागितल्यावरच सुरू. २०६ ला पाणी देणाऱ्याचाही नळ बंद.' आमच्या ठरावात कधी नाव नसतं, नुसता नंबर. उद्या सोयरीक जुळवायची वेळ आली तर कागदावर कुणाचं नाव नको, ही गावाची रीत.
शकूमावशी तेव्हा म्हणाली, "बोअर म्या न्हाई घेतला. माफी कशाची मागू?" तोच ताठा अजून. शाळेच्या हापशावरून घागर आणते, वाटेत दोनदा टेकते. मला दया येत नाही. इथे लिहायला काय हरकत आहे.

८ फेब्रु., शनि.
सासूबाईंना रंगेहाथ पकडलं. भिंतीवरून भरली कळशी पलीकडे देत होत्या. "जन्माची मैतरीन हाय माझी," म्हणे. मैत्रिणीपायी आमचा नळ गेला म्हणजे? दुपारी बोराटीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रचल्या. कळशी काय, हातसुद्धा जाणार नाही. शकूमावशी ओट्यावर बसून बघत होती. मी मुद्दाम सावकाश रचल्या. सासूबाई जेवल्या नाहीत. नका जेवू.

११ फेब्रु., मंगळ.
२०६ घ्यायला कुणी तयार नाही. सलीमभाई टेलरचं नवं घर, त्याला विचारलं. "ताई, त्यो नंबर नको. आमाला शेवटचा द्या, चालंल." त्याच्या बायकोने तर कानाला हात लावला.
सरपंच अण्णा आले. म्हणाले, "कल्पना, मग खालची समदी घरं एकेक नंबर वर सरकव. भोक दिसता कामा न्हाई."
"आणि शकूमावशी?"
"तिचा नळ हाय का? न्हाई. मग तक्त्यात कशाला?"
ओढलं एका झटक्यात. सगळीकडे एक, लाल कुठेच नाही. आम्ही झालो २०६. कागदावरच तर आहे. तक्ता तालुक्याच्या साईटवर चढवला, लगेच स्वीकारला गेला. आता वर्षभर कुलूप, कुणालाही बदलता येणार नाही. शकूमावशी कुठेच नाही. काम असं स्वच्छ झालं की बरं वाटतं.

१८ फेब्रु., मंगळ.
समिती आली. आमच्या आळीतून जाणार म्हणून अण्णांनी सकाळीच पाणीवाल्या गेनूला सांगून शकूमावशीचा नळ सुरू करवला. यादीत नसलेला कोरडा नळ दिसला तर प्रश्न निघतील ना. मी हसले होते तेव्हा. म्हातारी नळाखाली हात धरून उभी होती.
मग कचेरीत समितीच्या मॅडमनी विचारलं, नियम मोडला तर गाव काय करतं? अण्णांनी छाती फुगवून ठराव पुढे केला. मॅडमनी वाचला, यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मला हे दोनशे सहा दाखवा."
भाऊसाहेबांचा चेहरा पडला. अण्णांचा नाही. गेनूकडे नुसतं बघितलं, तो नळ बंद करायची चावी घेऊन पुढे पळाला. आम्ही घरी पोचलो तेव्हा माझा नळ खडखडीत कोरडा.
मॅडम मला म्हणाल्या, तुमच्यासारख्यांमुळे जमिनीतलं पाणी आटतं. सगळ्यांसमोर. मी तोंड उघडलं तर मागून भाऊसाहेब हळूच, "ताई, नोकरी." अण्णा म्हणाले, "पोरगं चाकनला असतं हिचं, त्यानं घेतला बोअर." माझा पोरगा सातवीत आहे, तो दप्तर घेऊन तिथेच उभा होता. कोरड्या नळाशेजारी माझा फोटो काढला. आळीतली माणसं फोटोत येऊ नये म्हणून बाजूला सरकली. सासूबाई दारात होत्या, पदर तोंडाला लावून. रडत नव्हत्या.

२० फेब्रु., गुरु.
गेनू म्हणतो, "२०६ बंद, आसं लिवलंय. मी कसा खोलू?" अण्णांकडे गेले.
"समिती परत फिरून येनार हाय. ठराव मोडला तर गावाची आब्रू जाईल. सभेत माफी माग, लगेच सुरू करू."
माझ्या तोंडून निघून गेलं, बोअर मी नाही घेतला, माफी कशाची मागू?
अण्णा चहा ओतता ओतता थांबले. "हे कुटंतरी आयकलंय मी," म्हणाले आणि हसले. भाऊसाहेबही हसले. तो माणूस माझ्याशिवाय फाईल उघडू शकत नाही.
ह्यांना सांगितलं तर म्हणतात, मागून टाक ना, जीभ झिजते का. स्वतः दुधाच्या टेम्पोवर दिवसभर संगमनेरला. हापशावर मी.

२३ फेब्रु., रवि.
हापशावर मी आले की बाया बोलायच्या थांबतात. कुणी कळशी पुढे सरकवत नाही, कुणी मागे घेत नाही. काल सलीमभाईच्या बायकोने उचलू लागायला हात लावला, पण नवऱ्याने हाक मारली, गेली. खांदा सुजलाय. वाटेत टेकावं लागतं. तीनदा.
शकूमावशीचा नळ तसाच सुरू आहे, तिला आता नंबरच नाही. सासूबाई अंघोळीला तिच्याकडे जातात. परत येताना केस ओले, अंगाला साबणाचा वास. माझ्यासाठी तांब्याभरही नाही. "ठराव हाय ना," म्हणतात.

२७ फेब्रु., गुरु.
पाणी संपलं. पोराला ताप आलाय, त्याच्या उशाशी बसायचं की हापशावर जायचं? पलीकडे मावशीचा नळ सुरू होता, घागर भरून वाहत होती, तो आवाज सहन होईना. भिंतीवरच्या बोराटीच्या फांद्या उपसायला लागले. दोन्ही तळहात फाटले. पलीकडे ती ओट्यावर बसून बघत होती, त्या दिवशीसारखीच.
म्हटलं, मावशी, पोरापुरती एक कळशी द्या. पहिल्यांदाच तिला अहोजाहो केलं.
ती उठली. भिंतीपाशी आली. मी खाली पाडलेली फांदी तिने उचलली आणि नीट होती तशी परत भिंतीवर ठेवली.
"ऱ्हाऊ दे गं काटं. देनाऱ्याचा बी नळ बंद व्हतो. तूच लिवलंय न्हवं?"
उद्या सकाळी ग्रामसभा. अण्णांनी पहिलंच नाव माझं, म्हणजे नंबर, घेतलाय. उभं राहून काय म्हणायचं ते दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.