हिरामणभाऊंना सांगितलंत, मला नाही

अहो,

गुरुवार, ६ मार्च २००३, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. टँकरच्या पाण्याची बादली चढवताना तुम्ही जिन्यात छाती धरून बसलात आणि शेजारच्या हिरामणभाऊंना म्हणालात, "हिला सांगू नका, उगाच ओरडेल." हे त्यांनी मला आज सांगितलं, तुमचं ऑपरेशन झाल्यावर! तो हार्ट अटॅक होता. त्याने कमजोर झालेली हृदयाची भिंत सोमवारी फाटली. डॉक्टर सहा तास ती शिवत होते.

छत्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोपेक्षा शेजारी जवळचा?

ओरडते मी, मान्य. नन्सच्या कॉन्व्हेंट शाळेत वाढले, गबाळेपणा खपत नाही. त्या सकाळीही तुम्ही घामाघूम होऊन आत आलात, तर मी म्हणाले, "अर्धं पाणी जिन्यात सांडलंत." बादलीकडे पाहिलं. तुमच्याकडे नाही.

ही चिठ्ठी आयसीयूची सिस्टर आत नेऊ देत नाही, म्हणून पर्समध्येच राहील. पाटी-पेन्सिल मात्र तुमच्या उशाशी ठेवायला लावली आहे. तुमच्या घशात नळी आहे, आणि अजून तुम्ही डोळे उघडलेले नाहीत. मला कारणं नकोत. रविवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. अक्षर वाकडं आलं तरी ओरडणार नाही.

बाहेरच्या बाकावरून,
वसुंधरा