पाटीखालच्या पाट्या

३ मार्च
चौकातल्या जुन्या इमारतीला शंभर वर्षं झाली! आजवर तिथे कोण कोण दुकान थाटून गेलं, ते क्रमाने एका नव्या पाटीवर रंगवायचं काम मालकीणबाईंनी मला दिलं. माडीवरचे वकील म्हणाले, "पेंटर, इतिहास लिहिणं म्हणजे 'आत येऊ नये' लिहिणं नव्हे." बघतोच! शाळा आठवीत सुटली, पण अक्षर माझं मी घडवलं. पोटात ठिपका असलेला, शेपटी मागे वळवलेला माझा 'र' गावभर ओळखतात.

५ मार्च
तळमजल्यावरचे घड्याळजी म्हणतात, त्यांच्या आधी शिंपी. वकील म्हणतात छापखाना. दोघेही शपथेवर!

दारावरची लाकडी पाटी मात्र पहिल्यापासून तीच. जो आला त्याने जुन्या नावावर रंग मारून आपलं लिहिलं. म्हणजे पुरावा रंगाखाली.

६ मार्च
पाटीच्या कोपऱ्यात बोटभर पट्टा खरवडला; थराथरात नावांची शेवटची अक्षरं दिसली. वर हिरवा – घड्याळजी, माझ्याच हातचा. खाली निळा – छापखाना. त्याखाली पिवळा – शिंपी. म्हणजे वकील बरोबर. मेलो!

ही म्हणाली, "घरातल्या भिंतीचे पोपडे दिसत नाहीत, लोकांच्या पाट्या उकरताय." वर भिंतीवरच्या माझ्या लहानपणच्या फोटोलाही टोमणा – "तेव्हाही कॅमेरा सोडून वर कावळे बघत होतात!"

८ मार्च
पट्टा रुंद करत तळाचा थर गाठला. लाल. 'फोटोग्राफर'. शेवटचा 'र' – शेपटी मागे, पोटात ठिपका.

हात थांबला. वकील शिडीखालीच. "पेंटर, हा तर तुमचा! तेव्हा जन्मला तरी होतात का?"

हातातल्या खरवडायच्या पत्र्याचा एक फटकारा मारला असता, तर तो 'र' लाकडासकट गेला असता. कोणाला कळणार? वकिलांचं काय, थट्टेवारी नेलं असतं.

शिडी उतरलो. घरी आलो. फोटो खिळ्यावरून काढला, चष्मा लावून पाहिला. डाव्या बाजूला कोपरा उडालेला तोच दगडी खांब, चौकातल्या इमारतीच्या दाराशेजारचा. आईचं बोट धरून मी, पाचेक वर्षांचा. मान वर. नजर दाराच्या वर, पाटीकडे.

१२ मार्च
नवी पाटी लागली. तळाशी बारीक अक्षरात – 'रंगवणारा: चौकातला पेंटर. शिकवणारा: या दारावरची पहिली पाटी रंगवणारा, नाव सापडलं नाही.'