मावशी रिकामीच असते

४ फेब्रुवारी, सकाळी ११.२०
नेमक्या याच वेळी माझ्या भाच्याने चार शास्त्रज्ञांसमोर मला रिकामी म्हटलं. मावशी निवृत्त आहे, रिकामीच असते, म्हणून बोलावली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे.
बाकी आगमन झकास. वेधशाळेतली खोली उजेडाची, खुर्ची पाठीला मानवणारी. कृष्णविवराभोवतीच्या तेजाच्या कड्याची चित्रं पाहायची आणि कडं कुठे बदललं ते सांगायचं, एवढंच काम. जन्मभर मुलींच्या वह्यांतल्या चुका काढल्या. डोळा अजून शाबूत आहे.

६ फेब्रुवारी
भाच्याने समजावलं. रेडिओ दुर्बिणी मोजक्याच, त्यामुळे चित्राचे तुकडेच हाती येतात. मधलं सगळं प्रोग्राम अंदाजाने भरतो. मागे जसं होतं तसंच पुढे असणार, असं धरून. मी म्हटलं, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रिकाम्या जागा अंदाजाने भरणारीला सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

९ फेब्रुवारी
कड्यावरचा एक ठिपका आज उलट्या दिशेने सरकला. मी दाखवला. दुपारी पाहते तर पुसलेला. भाचा म्हणाला, तो तिथे शोभत नव्हता. खऱ्याला शोभावं लागत नाही, मी सुनावलं. त्याची सहकारीण, म्हातारी फार कटकट करते, असं मला नीट ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली.

१२ फेब्रुवारी
माझ्या पडद्यावर कॅमेरा आहे, हे आज कळलं. अधूनमधून माझा एखादा फोटो निघतो, आणि दोन फोटोंच्या मधल्या वेळातली मी तोच प्रोग्राम अंदाजाने भरतो. सरावासाठी, म्हणे. भाच्याने त्याची फिल्म दाखवली. तिच्यात मी मान डोलावते, सारखी गोड हसते. मला असं हसताना कधी पाहिलंस, विचारलं. मावश्या हसतातच की, म्हणाला.
कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.

१४ फेब्रुवारी
चहा बिनसाखरेचा मागितला, गोड आला. परत पाठवायला तोंड उघडलं आणि आभार मानले. सगळा प्याले.
हनुवटीवर लहानपणचा व्रण होता. आरशात दिसत नाही. बोटालाही लागत नाही.

१५ फेब्रुवारी
सहकारीण म्हणाली, मावशी किती बदलल्या, आता छान वाटतं. मी तिला मूर्ख म्हटलं. तिने प्रेमाने माझा हात दाबला. तिला काय ऐकू गेलं?
चिकटपट्टी जागेवर आहे. आता प्रोग्रामला फोटोसुद्धा लागत नाही —

१७ फेब्रुवारी
भाच्यास. लेखी उत्तर हवं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. ती फिल्म पुसलीस का, आणि तिच्याआधीची मी कुठे —
राहू दे रे बाळा, दमला असशील.
हे मी लिहिलेलं नाही. अक्षर माझंच, पण — पाचच्या आत. लेखी. मी रिकामी नव्हते, मी —
सावकाश दे हं. मावशी काय, रिकामीच अस