स्कारचं फाटक

शनिवार, २६ ऑक्टोबर

शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस, आणि पहिल्याच गाडीने मला चिखलाने माखलं. मुद्दाम! शिकाऱ्यांनी खात्याच्या नाक्यावर माझ्यापाशी थांबायचं, काय मारलं, कुठे मारलं, जमीन कोणाची, आत जायला कोणी अडवलं का, एवढं सांगायचं. तेवढ्यानेही यांचा जीव जातो. व्हर्जिल प्रुइटने काच अर्धीच खाली केली. म्हणाला, "लिही मार्ना, दोन डायनोसॉर आणि एक सरकारी बाई." मागे बसलेले खिदळले. मी लिहिलं.

पण शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच. स्कार. त्या म्हाताऱ्याने उन्हाळ्यात आपल्या रानाच्या फाटकाला साखळी घातली. त्याचं रान जेमतेम मैलभर, पण त्यामागची सगळी सरकारी डोंगररांग बंद झाली. एल्क, ती मोठाली हरणं, असतात तिथेच. आमच्या घरचं हिवाळ्याचं मांसही तिथूनच यायचं.

रविवार, २७ ऑक्टोबर

आजही रिकाम्या गाड्या, कडू तोंडं. शिव्या मला — जणू किल्ली माझ्या खिशात आहे.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

जमीनमालकांनाही विचारायचं असतं, म्हणून स्कारकडे गेले. दारातच उभा. या म्हणाला नाही. फाटक का बंद केलंत विचारलं, तर "माझं आहे म्हणून." दार बंद!

तिथून थेट कॅफेत. मोठ्याने सांगितलं सगळ्यांना — म्हाताऱ्याला अख्खा डोंगर एकट्याला हवाय. दुपारी तो कॉफीला आला, तर बाकावर कोणी सरकलं नाही. उभ्यानेच पिऊन गेला. बरं वाटलं मला. का नाही वाटणार?

लीलंड म्हणतो, सोड ना आता. माझा नवरा भलताच मऊ झालाय. पाठ दुखते म्हणून यंदा शिकारीलाही गेला नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

कोणीतरी स्कारची साखळी तोडली आणि एल्कची आतडी त्याच्या पायरीवर टाकली. कोणीतरी म्हणजे व्हर्जिल. स्वतःच सांगितलं, वर "हे लिहू नकोस हं." मी हसले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

नकार मिळाला तर पुन्हा एकदा जायचं, असा खात्याचा नियम. नाइलाजाने गेले. फाटकाला नवी साखळी होती. पायरी त्याने घासून धुतली होती, तरी डाग होता.

या वेळीही घरात नेलं नाही, पण गोठ्यामागे नेलं. कुंपणाच्या आत मातीचा उंचवटा. बायकोची घोडी, म्हणाला. बायको गेल्यावर तेवढीच राहिली होती. मागच्या हंगामात शेवटच्या दिवशी, अंधारून येताना, कोणीतरी एल्क समजून गोळी घातली. त्याच्याच कुरणात. "मी पोचलो तेव्हा ती उठायला बघत होती." त्या दिवशी आत गेलेल्या प्रत्येकाला त्याने विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, मी नाही.

"एकाने जरी येऊन सांगितलं असतं ना," म्हणाला, "तर साखळी घातली नसती."

जेवताना लीलंडला सांगितलं. तो ताटावरून उठला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

लीलंडनेच मारली.

सकाळी सांगितलं, माझ्याकडे न बघता. तिन्हीसांजेला झुडपातून तपकिरी पाठ तेवढी दिसली म्हणे. जवळ गेलास का, विचारलं. गेला होता. खोगिराचा जुना व्रण पाहिला. आणि गाडी काढून घरी आला — मी वाढलेलं जेवला! स्कारने विचारलं तेव्हा नाही म्हणाला. उन्हाळ्यापासून माझ्यासमोर बसून मी त्या म्हाताऱ्याला घातलेल्या शिव्या ऐकल्या. पाठ दुखते म्हणे.

मी ओरडले नाही. गाडीत बस म्हटलं.

स्कार अंगणात लाकडं फोडत होता. लीलंडने टोपी काढली आणि सांगून टाकलं. मला वाटलं, आता कुऱ्हाड उचलतो. त्याने ती ठेवली. एवढंच विचारलं, "तिने तुला पाहिलं?"

"हो."

मग म्हातारा माझ्याकडे वळला. "कॅफेत माझ्याबद्दल तूच बोललीस ना? आता हेही बोल. मी काही सांगत फिरणार नाही."

येताना गाडीत लीलंड रडत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याचा राग येतो म्हणावं, तर त्या पायरीवरचा डाग डोळ्यांसमोरून हलत नाही. तो लीलंडचा नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पहिली गाडी व्हर्जिलची. काच अर्धी खाली. काही विचारायच्या आधी मीच सांगितलं — स्कारची घोडी माझ्या नवऱ्याने मारली, फाटक त्यामुळे बंद आहे. काच वर गेली. मागे रांग लागली होती. पुढच्या गाडीला हात केला.